सुलभाने लिहिलेला प्रश्न

डॉक्टरीणबाई हातमोजे न काढताच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आजी, हिचं रक्त कशालाच जुळत नाही." पेणच्या एका दवाखान्यात सकाळी माझ्या नातीला, शीतलला, मुलगा झाला होता. मुलगा ठणठणीत. पण शीतलचा रक्तस्राव थांबेना आणि दुपार होईतो तिचे ओठ पांढरे पडले. तिच्या कागदावर ओ पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं, त्याप्रमाणे पिशव्या मागवल्या. एकेक पिशवी तिच्या रक्ताशी लावून बघितली की गुठळ्या. रक्तपेढीतल्या माणसाने वेगळी तपासणी केली तेव्हा कळलं की ते रक्त ओ नव्हेच, त्याला बॉम्बे ग्रुप म्हणतात. हजारोंत एखाद्याचा असतो, आणि त्याला त्याच गटाचं रक्त लागतं, दुसरं कुठलंही चढवलं तर माणूस जातो. मुंबईहून एक पिशवी निघाली होती, पण हायवेवर ती कुठे अडकेल याचा भरवसा नव्हता, आणि एकीने भागणारही नव्हतं. "संध्याकाळच्या आत या गटाचा अजून एक माणूस मिळायला हवा," बाई म्हणाल्या. माझी लेक मंदा, शीतलची आई, भिंतीला टेकून खाली बसली. मी तिला म्हटलं, रडायचं ते मागून रड, आधी सुलभाला फोन लाव.

ही काही वर्षांमागची गोष्ट. सुलभा म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी, माझी पुतणी. ती गेली त्याला आता महिना उलटून गेला. रोह्याला एकटी राहायची. सकाळी कामाला निघताना डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, शेजारणीने फोन केला, आणि आम्ही गडबहून निघून वाटेत नागोठण्याला पोचतो तोवर सगळं संपलं होतं. पन्नाशीसुद्धा गाठली नाही. कार्याच्या दिवशी लोक तिच्या स्वभावाबद्दल बोलले. किती गोड होती, किती प्रेमळ होती... सुलभा गोडबिड काही नव्हती. चुकीचं बोललं की तोंडावर सांगायची आणि पुन्हा जेवायला बसायची. तिने आयुष्यात काम काय केलं याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण ते कुणाला कळलेलंच नव्हतं. मी चौथी शिकलेली बाई, मलाही सगळं कळलं असं नाही. पण तिने मला ते इतक्या वेळा सांगितलं होतं की मला सांगता येईल. पेपरच्या पुरवणीत तिच्यावर लिहून द्याल का, असं पेपरवाल्यांनी विचारलं तेव्हा म्हणून हो म्हटलं.

लहानपणी ती लग्नघरात मुलांत खेळायची नाही. म्हाताऱ्या बायका भाकऱ्या थापायला बसल्या की त्यांच्यात जाऊन बसायची आणि हा कोणाचा, तो कोणाचा, असं विचारत राहायची. हा त्या बाईचा भाचा. मग ती बाई कोणाची? तिचा बाप कुठला? बायका वैतागायच्या. एकदा माझ्या सासूने तिला म्हटलं, "तुला काय पोलीसपाटील व्हायचंय काय गो?" तर म्हणते, "नाय आजे, मला सगळ्यात वर कोण ते बघायचंय." आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत जुनी. त्यामुळे एकाच बाईला दोन-दोन वाटांनी नातं लागतं. ती एकाच वेळी आतेही असते नि सासूही. बाहेरच्या माणसाचं डोकं फिरतं. सुलभाला त्याची गोडी लागली.

पुढे ती रोह्याला शिकली आणि धाटावच्या एका कारखान्यात कंप्युटरच्या खात्यात लागली. जनरल शिफ्ट, शनिवारी दुपारी स्कूटीवरून गडबला माझ्याकडे. लग्न केलं नाही. का, ते मी एकदाच विचारलं. "जमलं नाय काकी," म्हणाली, आणि विषय संपला. तिचं काम काय, ते मात्र विचारल्याशिवाय सांगायची. कारखान्यात एक माल दुसऱ्या मालातून होतो, तो तिसऱ्यातून, उरलेला पुन्हा पुढच्यात मिसळतात. एखादं पिंप खराब निघालं तर ते कशाकशात गेलं हे शोधायचं, ते तिचं काम. ही सगळी माहिती डेटाबेसमध्ये ठेवलेली असते आणि तिला एसक्यूएल नावाच्या भाषेत प्रश्न विचारावा लागतो. साधा प्रश्न एकदाच विचारला की उत्तर येतं. पण खराब पिंप कुठवर पोचलं, याला साधा प्रश्न पुरत नाही. त्याला रिकर्सिव्ह क्वेरी लागते. मी म्हटलं, आता हे काय? तर तिने मला अक्षतीचं उदाहरण दिलं. लग्नाची अक्षत द्यायला आपण एका घरी जातो. ते म्हणतात, आमच्या भावाकडे पण द्या. भावाकडे गेलं की ते म्हणतात, आमच्या जावयाकडे द्या. प्रत्येक घर पुढची घरं सांगतं आणि आपण तोच एक प्रश्न प्रत्येक दारात विचारत जातो. नवीन घर कुणी सांगेनासं झालं की परत यायचं. "एवढंच हाय काकी. फक्त ज्या दारात आपली अक्षत दिसेल तिथं पुन्हा थांबायचं नाय. थांबलीस तर जन्मभर गावात फिरत राहशील."

हे मला पटलं. दुसरी गोष्ट तिने सांगितली ती मला त्याहून लवकर पटली, कारण ती मी भोगलेली आहे. डेटाबेस करणाऱ्या कंपन्या निरनिराळ्या, आणि ही भाषा म्हणायला सगळ्यांची एक. तिचे नियम लिहिलेलं एक जाडजूड पुस्तक आहे, साऱ्या जगाने मान्य केलेलं. प्रत्येक कंपनी म्हणते आम्ही पुस्तकाप्रमाणे चालतो. आणि प्रत्येकीची आतून आपली बोली. हा जो फिरता प्रश्न आहे, तो एक कंपनी पुस्तक निघायच्या आधीपासून आपल्याच शब्दांत विचारायची, ते शब्द दुसरीला कळत नाहीत. एकीला 'रिकर्सिव्ह' हा शब्द लिहावाच लागतो, दुसरीला लिहिला तर ती अडून बसते. तिसरीला कितीतरी वर्षं हा प्रश्नच कळत नव्हता. आणि प्रश्न फिरून त्याच दारात येऊन चक्रात सापडला तर काय करायचं, हे पुस्तकात लिहिलंय, पण ते सगळ्यांनी घेतलेलं नाही. मी मिठागराच्या गावची. लग्न होऊन गडबला आले तेव्हा अंतर काय, एक खाडी. तरी माझं निम्मं बोलणं ऐकून सासरच्या बायका हसायच्या. शाळेत तिसरंच. त्यामुळे मी तिला म्हटलं, मग तू कुठली बोली बोलतेस? म्हणाली, "मी पुस्तकातलीच लिहिते. आणि पुस्तकातलं जे सगळ्यांकडे नाय, ते साध्या शब्दांत हाताने लिहिते. वेळ लागतो. पण कुठल्या पण दारात चालतं." कारखान्यात यावरून तिला सावकाशीची बाई म्हणायचे. तिने ते मला हसत सांगितलं, पण तिला ते आवडलेलं नव्हतं.

पेणला एका माणसाला असंच दुर्मीळ गटाचं रक्त मिळालं नाही आणि तो गेला. त्याच्या घरच्यांनी आणि ओळखीच्या चार माणसांनी मिळून रक्तदात्यांचं मंडळ काढलं. रामवाडीत एका दुकानावर खोली, कुठल्याशा कंपनीने वापरून दिलेला कंप्युटर, आणि अध्यक्ष म्हणून नाना. नाना एसटीतून निवृत्त झालेले, माणूस तळमळीचा, फक्त सगळं कालच झालेलं हवं असायचं. सुलभा रविवारी तिथे फुकट जायची. तिने त्यांना एक गोष्ट शिकवली. नुसतं नाव, पत्ता, गट लिहून भागायचं नाही, प्रत्येकाचे आई-बाप कोण तेही लिहा. असलं रक्त घराण्यात उतरतं, ते आईकडूनही यावं लागतं आणि बापाकडूनही. म्हणजे ज्याच्या दोन्ही वाटा वर एकाच घराला जाऊन मिळतात, त्याच्यात ते सापडायची शक्यता जास्त. आमच्याकडे तसल्या माणसांना काय तोटा. गडबची सगळी नावं तिने माझ्या ओटीवर बसून माझ्याकडून उतरवून घेतली, आणि नानांनी खाडीकाठच्या खारेपाटापासून आतल्या गावांपर्यंत शिबिरांत माणसं बसवून बाकीची गोळा केली.

पुढे तो जुना कंप्युटर म्हातारा झाला. त्याच्यातला डेटाबेस पैसे भरायचा होता, नवीन फुकटातला आणायचा ठरला. तेव्हा सुलभाच्या कारखान्यात शटडाऊन, म्हणजे सगळं बंद ठेवून वर्षाची दुरुस्ती, चालू होता, तिला रविवारसुद्धा सुटत नव्हता. ती म्हणाली, मी मोकळी झाले की करते. नाना थांबतील कुठले. त्यांनी पनवेलचा एक मुलगा पैसे देऊन लावला आणि त्याने आठवड्यात काम उरकलं. सुलभा गेली आणि नानांना म्हणाली, जुन्यावर आणि नव्यावर तेच प्रश्न घालून उत्तरं जुळतात का ते बघितल्याशिवाय जुना बंद करू नका. नानांनी एका माणसाचा पत्ता काढून दाखवला, एका गटाची माणसं काढून दाखवली. "चालतंय ना सुलभाताई? मग झालं तर." वरपर्यंत जाणारा तो फिरता प्रश्न नव्यावर कुणी विचारूनच बघितला नव्हता. सुलभा त्या दिवशी भांडून माझ्याकडे आली होती. सुकटीची चटणी नि भाकरी जेवली आणि मला म्हणाली, "जुनं मशीन चक्रात सापडलं की वरडतं. नवीन वरडत नाय, गप फिरत बसतं. ह्यांना वाटतं दोन्ही सारखीच." मी म्हटलं, मग तू बदल. म्हणाली, शटडाऊन संपू दे.

तो संपायच्या आत शीतल दवाखान्यात पडली.

मंदाने सुलभाला नि मग नानांना फोन केला, तशी सुलभा गेटपास घेऊन निघाली आणि स्कूटीवरून पेणला आली. दवाखान्यात ती आत गेलीच नाही. दारातून मला म्हणाली, "काकी, माझ्याबरोबर चल. नावं लागली तर विचारायला कोणतरी पाहिजे." मंदाला शीतलजवळ ठेवून मी तिच्या मागे बसले. वाटेत तिने एकच विचारलं, मंडळाच्या यादीत ह्या गटाचा जो एक माणूस होता त्याचं काय? नानांनी त्याला आधीच फोन केला होता. त्याने नुकतंच दुसऱ्या कुणाला रक्त दिलेलं, डॉक्टर त्याचं घ्यायला तयार नव्हते. 

खोलीत नाना कंप्युटरसमोर उभे. पडद्यावर एक चक्र फिरत होतं.

"केव्हापासून हाय हे?" सुलभाने विचारलं.

"मंदाचा फोन आल्यापासून. तू सांगितलेलास तोच प्रश्न टाकलाय. येईल आता, मोठा हाय ना."

"नाय येणार नाना. उद्या आलात तरी हे असंच फिरत असेल."

तिने ते थांबवलं आणि त्या पनवेलच्या मुलाने लिहिलेला प्रश्न वाचायला घेतला. तिची वाचायची पद्धत मला माहीत होती, ओठ हलवत वाचायची. मी दारातल्या खुर्चीवर बसले. मला घाई होती, माझी नात मरत होती, आणि ही बाई ओठ हलवत वाचत होती. पण मी बोलले नाही, कारण जेवताना तिला घाई केली तर ती जेवण सोडून उठायची, एवढी मला ओळख होती. थोड्या वेळाने म्हणाली, ह्याने जुन्या मशीनची बोली नवीन मशीनच्या शब्दांत जशीच्या तशी उतरवलीय. जुन्याला 'चक्रात जाऊ नको' असं सांगणारा शब्द होता, तो नव्याकडे नाही म्हणून त्याने नुसता गाळला. वर प्रत्येक माणसाला कितवी पिढी ते लिहून ठेवलंय, त्यामुळे तोच माणूस पुन्हा भेटला तरी पिढी वेगळी, म्हणजे मशीनला तो नवाच वाटतो. मग फिरा. नाना म्हणाले, त्या मुलाला फोन लावतो. ती म्हणाली, नको, तो यायला वेळ जाईल.

मग तिने प्रश्न नव्याने लिहिला. तो कसा ते मी मागून तिच्याकडून समजून घेतलंय. प्रत्येक माणसाबरोबर, आपण इथवर कोणाकोणाच्या दारातून आलो, ती सगळी वाट लिहीत न्यायची. पुढचं दार विचारायच्या आधी ते वाटेत आधीच आहे का बघायचं. असेल तर सोडायचं. यात कुठल्या कंपनीची खास सोय वापरलेली नाही, तिच्या भाषेत सांगायचं तर पुस्तकातली साधी वाक्यं. लिहायला वेळ लागला. नाना येरझाऱ्या घालत होते. खालच्या दुकानात कुणीतरी बाई पापडांचा भाव करत होती, आणि मला त्या बाईचा इतका राग आला की काय सांगू... कोणाला पापड सुचतात, असं झालं. मग सुलभाने बटण दाबलं आणि पडदा लगेच नावांनी भरला. ती खूश होईल असं मला वाटलं, तर ती कपाळाला आठ्या घालून पुढे सरकली.

"काकी, इकडं ये. काकाची गागोद्याला एक मुलगी हाय, तुला ठाऊक हाय काय?"

काका म्हणजे माझे मालक. त्यांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झालेली. नाना उगाच खोकले.

"त्याला गागोद्याचा रस्ता ठाऊक नव्हता," मी म्हटलं, "मुलगी कुठली?"

"आणि त्या मुलीला पणतवंडं हायत. आणि काका स्वतःचाच आजा हाय."

"तसा वागायचा खरा," मी म्हटलं.

ती हसली. त्या दिवशी पहिल्यांदा आणि एकदाच. मग मलाही उमगलं. आमच्याकडे आज्याचं नाव नातवाला ठेवतात. माझ्या मालकांचं नाव रामा पांडुरंग. त्यांच्या बापाचं पांडुरंग रामा. आणि आज्याचं पुन्हा रामा पांडुरंग. नाव एक, बापाचं नाव एक, गाव एक. जुन्या माणसांची जन्मसालं कुणाला ठाऊक, ती जागा कोरी. नव्या कंप्युटरवर नावं चढवताना दुहेरी नोंदी काढून टाकायच्या ठरल्या आणि आज्या-नातवाचा एक माणूस केला गेला. रामाचा बाप पांडुरंग, पांडुरंगाचा बाप रामा, रामाचा बाप पांडुरंग... मशीन बिचारं त्यात दुपारपासून फिरत होतं. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नव्हता. नाना खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मीच सांगितलं त्याला. एक गाव, एक नाव, बाप एक, तर माणूस एकच असं मीच म्हटलं. माझ्या नातवाला पण माझंच नाव हाय गो, तरी सुचलं नाय."

"मागून नाना," सुलभा म्हणाली. "आता मला ही दोन माणसं वेगळी करू द्या. काकी, आज्याची पोरं सांग."

मी सांगितली. ती मोडून दोन माणसं केली. गागोद्याची ती मुलगी आज्याकडे गेली, जिथली होती तिथे. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण, लग्न होऊन गागोद्याला गेलेली. सुलभाने प्रश्न पुन्हा घातला. शीतलपासून वर जा, वरून सगळ्या फांद्यांनी खाली ये, आणि ज्याच्या आईकडची नि बापाकडची वाट आमच्याच घराला मिळते तेवढेच दाखव. त्यातून शिबिरात ज्यांचं रक्त ओ लिहून शेजारी 'पुन्हा तपासावे' असा शेरा मारलाय ते वेगळे काढ. असे शेरे मंडळाकडे पुष्कळ होते, शिबिरात घाईच असते. नुसत्या शेऱ्यावरून माणसं बोलावायची तर जत्रा भरली असती. आता मोजकी नावं उरली. त्यातलं एक वारलेलं. एक जहाजावर, देशाबाहेर. आणि एक हिरा, गागोदे बुद्रुकची. त्या थोरल्या बहिणीची पणती, आईकडूनही आणि बापाकडूनही.

हिराला फोन सुलभानेच लावला. ती वालाच्या शेतात होती, मागे बायकांचा कलकलाट. आधी तिला वाटलं कुणी कर्ज द्यायला फोन केलाय, तिने कापला. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा सुलभाने नमस्कार-चमत्कार न करता सांगितलं, तुझी पणजी गडबची, आईकडून पण तीच नि बापाकडून पण तीच. हिरा म्हणाली, "आमच्यात तसंच चालतं. तू कोणाची गो?" सुलभाने सांगितलं. मग म्हणाली, "आमची एक पोर पेणला बाळंत झालीय. तिला लागतं ते रक्त कदाचित तुझ्यात असेल. नक्की नाय, तपासायला लागेल. पण दुसरं कोण दिसत नाय." फोन मोठ्या आवाजावर होता, आम्ही तिघंही ऐकत होतो.

"मी माणसं लावलीत वाल काढायला," हिरा म्हणाली. मग कुणाला तरी ओरडून सांगितलं की मोटरसायकल काढ. "कुठं यायचं ते सांग."

ती आली ती शेतातल्या साडीवर, नवऱ्याच्या मागे बसून, हाताला वालाच्या शेंगांचा वास. नवरा सारखा विचारत होता, हिला काय होणार तर नाय ना? हिराने त्याला सांगितलं, तू बाहेर चहा पी. सुई टोचून घेताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, एवढी जवळची नाती, लग्नाला बोलावलं नाय कधी, रक्ताला बरं बोलावलंत. मी म्हटलं, बारशाला बोलावते, ये. तपासणीला वेळ लागला. सुलभा दवाखान्याच्या पायरीवर बसून होती, चहा घेतला नाही. मला वाटतं त्या वेळी ती घाबरलेली होती. तिचं काम बरोबर झालं होतं याची तिला खात्री होती, पण काम बरोबर असलं म्हणून रक्त जुळतंच असं नसतं, हेही तिला कळत होतं. रक्तपेढीतला माणूस बाहेर आला आणि नुसती मान हलवली, हो म्हणून. तेव्हा ती उठली, मला म्हणाली, "मी जाते काकी, गेटपास संपला माझा," आणि खरंच स्कूटी काढून रोह्याला निघून गेली. बारशाला आली होती. हिराही आली होती, नवऱ्यासकट.

मागून सुलभाने त्या पनवेलच्या मुलाला बोलावून घेतलं. नानांना वाटलं त्याची खरडपट्टी निघणार. तिने त्याला शेजारी बसवून सबंध रविवार प्रश्न लिहायला लावले, आणि तो पुढे दर महिन्याला आपणहून यायला लागला. तिच्याबरोबर भांडायचाही. तो म्हणायचा, ताई, नवीन डेटाबेसला एका ओळीत येतं, कशाला एवढं लिहायचं? ती म्हणायची, आज हा डेटाबेस हाय, उद्या दुसरा येईल, तेव्हा मी असेन काय? मग तो लिहायला घ्यायचा. एरवी मला असली वाक्यं आवडत नाहीत, माणूस गेला की लोक ती उकरून काढतात आणि म्हणतात तिला आधीच कळलं होतं. तिला काही कळलं नव्हतं. ती कामाचं बोलत होती.

गेल्या रविवारी नानांनी मला रामवाडीच्या खोलीवर बोलावलं. तिच्या फोटोला हार घालायचा होता. मी म्हटलं, हार घाला, पण कंप्युटर चालू करा. त्या मुलाने मला दाखवलं. शेजारी-शेजारी दोन मशीन ठेवलीत, निरनिराळ्या कंपन्यांचे डेटाबेस, आणि सुलभाने लिहिलेला तो प्रश्न एक अक्षर न बदलता दर रविवारी दोन्हीवर घालतात. दोन्हीकडे तीच नावं आली पाहिजेत. आली. नानांनी डोळे पुसले. मी खुर्चीवर बसून नावं वाचली. माझे मालक एका ओळीत, त्यांचे आजे दुसऱ्या ओळीत. खाली बऱ्याच नवीन नोंदी झाल्यात, कुठल्या कुठल्या गावच्या, मला न ओळखू येणाऱ्या.

त्या दिवशी हिराचं रक्त शीतलला चढलं आणि अंधार पडायच्या आत मुंबईची पिशवीही पोचली. शीतल जगली. तिचा मुलगा जगला, आता शाळेत जातो.